मदत हवी आहे: मार्केट डेटा वापराच्या मासिक रिपोर्टसाठी एकच फॉरमॅट कसा आणावा?

तळमजला_टिकर

नमस्कार मंडळी,

ब्रोकर आणि फंड हाउसना भावांचे लाइव्ह फीड पुरवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या व्हेंडरकडचा प्रश्न आहे. एनएसई, बीएसई आणि एमसीएक्सशिवाय काही क्लायंटना लंडन, फ्रँकफर्ट आणि न्यूयॉर्कचाही डेटा जातो. कोणत्या क्लायंटच्या किती लोकांकडे कोणता डेटा चालू होता, हे दर महिन्याला प्रत्येक एक्स्चेंजला कळवावे लागते. त्यावरच इन्व्हॉइस निघते.

सध्याची रीत अशी: एन्टायटलमेंट सिस्टिममधून (कोणाला कोणता डेटा चालू आहे ते सांभाळणारी प्रणाली) सीएसव्ही काढायची, एक्सेलमध्ये पिव्हट करायचा आणि आकडे हाताने सहा वेगवेगळ्या टेम्प्लेटमध्ये भरायचे. एकाला पत्ता एका रकान्यात हवा, दुसऱ्याला चार रकान्यांत. एकाला फक्त बेरीज पुरते, दुसऱ्याला ठिकाणवार फोड लागते.

विचारायचे आहे ते असे:

१. व्हीआरएक्सएमएल नावाचा एक स्टँडर्ड आहे असे वाचले. तो स्वीकारला की सगळीकडे तोच पाठवता येईल का?
२. आमच्याकडचे मूळ टेबल कसे असावे?
३. जुन्या रीतीवरून नव्या रीतीवर जाताना बिलांचा गोंधळ कसा टाळायचा?

कराराची_प्रत

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही, सगळीकडे तोच चालेल हे गृहीत धरू नका.

व्हीआरएक्सएमएल म्हणजे व्हेंडर रिपोर्टिंगसाठीची एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये बांधलेली, यंत्राला वाचता येणारी फाइल. अमेरिकेतल्या एसआयआयए या सॉफ्टवेअर आणि माहिती उद्योगाच्या संघटनेचा एफआयएसडी हा विभाग आहे. एक्स्चेंज, व्हेंडर आणि डेटा वापरणाऱ्या कंपन्या तिथे एकत्र बसतात, आणि हा स्टँडर्ड त्यांच्यातूनच आला. पण तो सर्वांवर बंधनकारक नाही. काही ठिकाणी एक्सएमएल अपलोड होते, काही ठिकाणी एक्स्चेंजचे स्वतःचे पोर्टल असते. न्यूयॉर्कची रिपोर्टिंग सिस्टिम वेगळीच. देशी एक्स्चेंजसाठी त्यांचा टेम्प्लेट हाच करार धरा. दुसरे काही चालते का, हे त्यांच्या डेटा विभागाला (एनएसईच्या बाबतीत एनएसई डेटा अँड अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे पूर्वीची डॉटएक्स) लेखी विचारा. फोनवरचा होकार ऑडिटच्या वेळी दाखवता येत नाही.

म्हणून स्टँडर्डकडे 'पाठवायची फाइल' म्हणून न बघता 'आतली भाषा' म्हणून बघा. कोणत्या क्लायंटकडे, कोणत्या ठिकाणी, कोणते उत्पादन, कोणत्या एककात, किती, आणि कोणत्या महिन्यासाठी, हे सगळे त्यात एकदा नीट बसवा. मग प्रत्येक एक्स्चेंजसाठी बाहेर पडणारा एक पातळ अ‍ॅडाप्टर (आतल्या टेबलातून त्या एक्स्चेंजची फाइल बनवणारा छोटा प्रोग्रॅम) लिहा. उद्या एखाद्याने टेम्प्लेट बदलला तर बदल त्या अ‍ॅडाप्टरपुरताच राहील.

आणखी एक. ओडीआरएल ऐकले असेल तर त्याची यात गल्लत करू नका. ती डब्ल्यू३सीची शिफारस आहे, २०१८ची, आणि ती हक्क लिहिण्यासाठी आहे: कोणाला काय करायची परवानगी आहे आणि त्या बदल्यात कोणते कर्तव्य आहे. मार्केट डेटासाठी तिच्यावर वेगळे काम झाले आहे. पण ती करार यंत्राला वाचता यावा म्हणून आहे, महिन्याचे आकडे पाठवण्यासाठी नाही.

आकडेमोड

वरच्या मताशी सहमत, पण खरी अडचण पुढेच आहे. फॉरमॅट एक करता येतो, मोजणी एक करता येत नाही.

उदाहरण घ्या. ३० दिवसांचा महिना. एका क्लायंटकडे १ तारखेला ४० लोकांना लेव्हल १ (सर्वोत्तम खरेदी-विक्री भाव) चालू. १० तारखेच्या शेवटी ६ जण काढले. १२ तारखेला सकाळी ९ नवे जोडले. आता सांगा, किती रिपोर्ट करायचे?

– महिन्यात एक दिवस जरी चालू असला तरी मोजा: ४९
– महिनाअखेरीचा आकडा: ४३
– महिन्याच्या पहिल्या दिवसाचा आकडा: ४०
– रोजची सरासरी: ४० × १० + ३४ × १ + ४३ × १९ = १२५१, भागिले ३०, म्हणजे ४१.७

चारही बरोबर. कोणता लागू, ते त्या त्या करारात आणि धोरणपत्रात लिहिलेले असते. स्टँडर्ड एक्सएमएलमध्ये 'संख्या' असा रकाना असतो. त्यात यातला कोणता आकडा भरायचा, हे स्टँडर्ड सांगू शकत नाही. म्हणून मूळ टेबलात *कधीही* बेरीज ठेवू नका. बेरीज सगळ्यात शेवटी, अ‍ॅडाप्टरमध्ये.

मूळ टेबलाची एक ओळ म्हणजे एका व्यक्तीचा एका उत्पादनावरचा एक सलग कालावधी. रकाने साधारण असे: व्यक्तीचा आयडी, लॉगिन, क्लायंट, ठिकाण, उत्पादन, कोणत्या मार्गाने (टर्मिनल, वेब, एपीआय), केव्हापासून, केव्हापर्यंत, व्यावसायिक की अव्यावसायिक, रिपोर्ट कोण करतो. आणि एक रकाना सगळे विसरतात: ही ओळ *नोंदवली केव्हा*. तो नसेल तर मार्चचा रिपोर्ट एप्रिलमध्ये काय होता आणि जूनमध्ये का बदलला, हे दाखवता येत नाही.

'पर्यंत'ची वेळ त्या ओळीत धरायची नाही, पुढच्या ओळीची सुरुवात तीच असते. हे एकदा ठरवा आणि सगळीकडे पाळा, नाहीतर महिन्याच्या कडेला एकच माणूस दोन महिन्यांत मोजला जातो.

क्लायंट ३ तारखेला मेल करतो की अमुक माणूस मागच्या महिन्याच्या २० तारखेलाच सोडून गेला, म्हणून 'पर्यंत' २० तारीख करा. करू नका. लॉगिन बंद नव्हते म्हणजे अ‍ॅक्सेस होता, आणि बहुतेक एक्स्चेंज अ‍ॅक्सेस मोजतात, बघितले की नाही ते मोजत नाहीत. सुट्टीवर असलेला डीलरही मोजला जातो. सपोर्टची, टेस्टची, डेमोची लॉगिनही मोजायची, करारात सूट लिहिलेली असेल तरच वगळायची.

तळमजला_टिकर

मनापासून आभार, दोघांचेही. ४९/४३/४०/४१.७ बघून डोके गरगरले, पण आमचे आकडे दर महिन्याला का जुळत नाहीत तेही कळले.

एक उपप्रश्न. एका क्लायंटचा डीलर तीन पडद्यांवर तोच डेटा बघतो: आमचे टर्मिनल, ब्लूमबर्ग आणि कंपनीची स्वतःची स्क्रीन, जिला फीड आम्हीच देतो. क्लायंट म्हणतो माणूस एक, तर एकच मोजा. मोजावा का?

कराराची_प्रत

तुम्ही नाही. तुम्हाला दिसतात ते दोन मार्ग, तुमचे टर्मिनल आणि त्यांची स्क्रीन. ब्लूमबर्गचा अ‍ॅक्सेस तुम्हाला दिसतच नाही, मग तो तुम्ही वजा कशाच्या आधारावर करणार?

एकाच माणसाचे अनेक अ‍ॅक्सेस एकदाच मोजण्याला नेटिंग म्हणतात. युरोपातल्या काही एक्स्चेंजच्या धोरणांत प्रत्यक्ष माणूस हे एकक घेण्याची सोय आहे, न्यूयॉर्ककडे 'एक व्यक्ती, अनेक जोडण्या' अशा अर्थाची मिसू नावाची सवलत आहे. पण ही सवलत मागावी लागते आणि मंजूर व्हावी लागते. मंजुरीच्या आधीच्या महिन्यांना ती लावता येत नाही असे धरून चला.

एकाहून जास्त व्हेंडर असतील तर सहसा क्लायंट स्वतः एक्स्चेंजला नेट आकडा कळवतो. त्याची आतली मोजणी डॅक्स आणि ब्लूमबर्गचे ईएमआरएस या परवानग्या सांभाळणाऱ्या प्रणाली आणि स्वतःच्या स्क्रीनची परवानगी-यादी जोडून निघते. तेव्हा तुमच्या रिपोर्टमध्ये त्या क्लायंटच्या ओळी 'क्लायंट थेट कळवतो' अशा खुणेने गेल्या पाहिजेत. खूण लावायची राहिली तर बिल दोनदा निघते, एकदा तुमच्यामार्फत आणि एकदा थेट. आणि खूण चुकून *जास्त* लागली तर कोणीच कळवत नाही. ते दोन वर्षांनी ऑडिटमध्ये व्याजासकट बाहेर येते. म्हणून 'रिपोर्ट कोण करतो' हा रकाना क्लायंटला नको, क्लायंट आणि उत्पादन या जोडीला हवा, आणि त्यालाही पासून–पर्यंत तारखा हव्यात.

नॉन-डिस्प्ले वापरही (पडद्यावर न दाखवता यंत्रानेच केलेला) यात कोंबू नका. अल्गो, जोखीम मोजणारी इंजिने, ऑर्डर जुळवणाऱ्या प्रणाली, यांत माणूसच नसतो, मग माणसे काय मोजणार? न्यूयॉर्ककडे त्याचे तीन प्रकार आहेत: स्वतःसाठी, ग्राहकांच्या वतीने, आणि खरेदी-विक्रीच्या ऑर्डर आतल्या आत जुळवणारे प्लॅटफॉर्म. त्यासाठी वेगळे घोषणापत्र असते. त्याचे टेबलही वेगळे ठेवा.

कोनकंस

एक्सएमएल आणि सीएसव्हीमधल्या खाचाखळग्यांबद्दल थोडे. फाइल 'रिजेक्ट' होऊन परत येते, ती बहुतेक वेळा यातल्याच एखाद्यामुळे.

एक्सेल हा पहिला संशयित. एक्स्चेंजने दिलेला खाते क्रमांक ००४१७२ असेल तर एक्सेल तो ४१७२ करून ठेवते. मोठा क्रमांक असेल तर ई+ वाले रूप करते. ०३/०४ ही तारीख कोणाच्या मशीनवर ३ एप्रिल आणि कोणाच्या मशीनवर ४ मार्च. उपाय एकच: सीएसव्ही डबलक्लिक करून *उघडायची नाही*. बघायचीच असेल तर इम्पोर्टमधून, रकाना 'टेक्स्ट' करून. तारखा सगळीकडे वर्ष-महिना-दिवस, आयएसओ ८६०१ प्रमाणे.

एक्सएमएलमध्ये कंपनीच्या नावातले 'अँड'चे चिन्ह घात करते. मेहता अँड सन्स, अमुक अँड कंपनी, आपल्याकडे दर तिसरे नाव तसे. स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवत असाल तर ते तसेच्या तसे जाते आणि पार्सर तिथेच थांबतो. लायब्ररीचा रायटर वापरा, तो ते आपोआप बदलतो. पण लायब्ररीही एका गोष्टीपासून वाचवत नाही: वर्डमधून चिकटवलेल्या पत्त्यात कधीकधी उभ्या टॅबचे अदृश्य कंट्रोल कॅरॅक्टर येते. एक्सएमएल १.० मध्ये ते कोणत्याही रूपात चालत नाही, एस्केप करूनही नाही. पत्त्यातून अशी कॅरॅक्टर डेटाबेसमध्ये शिरतानाच काढा.

पाठवण्याआधी स्कीमा तपासणी (फाइलची रचना ठरलेल्या नियमांत बसते का ते पाहणे) रोजच्या बिल्डमध्येच लावा. एक्सएमएललिंट या तपासणीच्या टूलला स्कीमाचा ऑप्शन देऊन चालवले की ओळ क्रमांकासह चूक सांगते. फक्त लक्षात ठेवा, त्याला एक्सएसडी (स्कीमा लिहिण्याची भाषा) १.० कळते, १.१ नाही. स्कीमा १.१ ची असेल तर दुसरा व्हॅलिडेटर घ्या. आणि 'व्हॅलिड' म्हणजे 'बरोबर' नव्हे. ४९ च्या जागी ४३ गेले तरी स्कीमा हसतमुखाने पास करते.

कोडबद्दल: एक्स्चेंज ओळखायला एमआयसी हा चार अक्षरी बाजार-कोड वापरा, आयएसओ १०३८३. एनएसई म्हणजे एक्सएनएसई, बीएसई एक्सबॉम, एमसीएक्स एक्सआयएमसी, लंडन एक्सलॉन. पण एमआयसी हा उत्पादनाचा कोड *नाही*. एकाच एक्स्चेंजखाली रोख विभाग, वायदे-विकल्प, चलन, लेव्हल १, लेव्हल २ (त्याखालच्या भावांची खोलीही) अशी वेगळ्या दरांची उत्पादने असतात. त्यासाठी स्वतःचा उत्पादन कोड, आणि त्याशेजारी प्रत्येक एक्स्चेंजचा कोड असे जुळणीचे टेबल.

क्लायंट ओळखायला एलईआय हा संस्थेचा जागतिक ओळख क्रमांक उत्तम, २० अक्षरांचा, शेवटची दोन तपासणीची, त्यामुळे टायपिंगची चूक लगेच पकडता येते. पण एलईआय कायदेशीर संस्थेला मिळतो, ऑफिसला नाही. फोर्टमधले ऑफिस आणि पुण्यातले ऑफिस यांना तो एकच. ठिकाणवार रिपोर्ट मागणाऱ्यांसाठी ठिकाणाचा आयडी तुमचा तुम्हीच द्या.

आकडेमोड

+१. त्या उत्पादन-जुळणीत अजून एक खोच: लेव्हल २ मध्ये लेव्हल १ धरलेले आहे की नाही. काही ठिकाणी लेव्हल २ घेतले की लेव्हल १ वेगळे मोजत नाहीत, काही ठिकाणी लेव्हल २ हे वरचे जोडउत्पादन, दोन्ही मोजायचे. 'यात ते समाविष्ट' असे नियमांचे छोटे टेबल करा, तारखांसकट. कोडमध्ये इफ-एल्स लिहिलेत तर पुढच्या वर्षी दर-धोरण बदलल्यावर मागच्या वर्षाचा रिपोर्ट पुन्हा काढता येणार नाही.

शून्याचे सांगायचे राहिले. एखाद्या क्लायंटचा वापर महिनाभर शून्य असेल तर ओळ गाळू नका, शून्याची ओळ पाठवा. ओळ आली नाही तर काही ठिकाणी मागच्या महिन्याचा आकडाच पुढे ओढला जातो. रिकामे आणि शून्य हे आपल्याला सारखे वाटतात, बिल काढणाऱ्याला नाही.

चौकटीतला_गुंतवणूकदार

न्यूयॉर्कचा डेटा किरकोळ ग्राहकांनाही दाखवता का? म्हणजे इथून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांना? असेल तर व्यावसायिक-अव्यावसायिक रकान्याकडे जास्त लक्ष द्या.

तिथल्या व्याख्येत अव्यावसायिक म्हणजे खरीखुरी व्यक्ती, स्वतःच्या गुंतवणुकीसाठी बघणारी, नियामकाकडे किंवा एक्स्चेंजकडे नोंदणी नसलेली, गुंतवणूक सल्लागार म्हणून काम न करणारी. म्हणजे नाशिकमधला गुंतवणूक सल्लागार घरच्या लॅपटॉपवर स्वतःचे शेअर बघत असला तरी तो अव्यावसायिकात बसत नाही. कंपनीच्या नावाचे खाते तर नाहीच.

दोन्हींच्या दरात मोठा फरक पडतो, त्यामुळे ऑडिटर सगळ्यात आधी इथेच येतो. रकाना रिकामा असेल तर डीफॉल्ट *व्यावसायिक* ठेवा. डेटाबेसमध्ये बूलियन (फक्त हो/नाही घेणारा रकाना) 'व्यावसायिक आहे का' ठेवून डीफॉल्ट 'नाही' करणे ही नेहमीची चूक. त्या रकान्यात तीन पर्याय ठेवा: व्यावसायिक, अव्यावसायिक, अघोषित. अघोषित रिपोर्टमध्ये व्यावसायिक म्हणून जाईल. आणि ग्राहकाने कोणत्या तारखेला, प्रश्नावलीच्या कोणत्या आवृत्तीला उत्तरे दिली, ते जपा. नुसता टिकमार्क पुरावा म्हणून चालत नाही.

तळमजला_टिकर

किरकोळ ग्राहक आहेत, थोडे. आणि हो, आमच्याकडे तो बूलियनच आहे. उद्याच बदलतो.

व्यक्तीचा आयडी ठेवायचा म्हणता, पण क्लायंट नावे द्यायला तयार नसतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नाव पुढे करतात. आणि तिसरा प्रश्न अजून बाकी आहे.

कोनकंस

नाव नकोच आहे. हवा आहे तो प्रत्येक महिन्यात तोच राहणारा, आणि एकाच माणसाला सगळ्या मार्गांवर सारखा येणारा आयडी. क्लायंटने कर्मचारी क्रमांकावर स्वतःकडच्या गुप्त किल्लीने एचमॅक (किल्लीशिवाय बनवता न येणारा सांकेतिक ठसा) काढून तो द्यावा. साधा हॅश, म्हणजे किल्ली नसलेला ठसा, नको: कर्मचारी क्रमांक पाच आकडी असेल तर एक लाख हॅश काढून कोणीही क्षणात उलटा शोध घेतो. किल्ली क्लायंटकडेच राहील आणि ऑडिटच्या वेळी नाव जुळवून दाखवणे त्यांची जबाबदारी, हे करारात लिहून घ्या. किल्ली मध्येच बदलली तर सगळे लोक 'नवे' दिसतात आणि त्या महिन्याचा आकडा दुप्पट होतो, हेही त्यांना आधीच सांगा.

कराराची_प्रत

तिसऱ्या प्रश्नावर.

किमान तीन महिने दोन्ही रीती शेजारी चालवा. पाठवायची जुनीच, नवी फक्त तुलनेसाठी. तुलना एकूण बेरजेची करू नका, बेरजेत +५ आणि −५ एकमेकांना खाऊन टाकतात. क्लायंट × ठिकाण × उत्पादन या पातळीवर फरक काढा आणि प्रत्येक फरकाला कारणाचा शिक्का द्या: मोजणीचा नियम, जुळणी चुकली, जुन्या शीटमधली हाताची चूक, तारखेची कड, रिपोर्ट करणाऱ्याची खूण. 'किरकोळ फरक' असा शिक्का ठेवू नका. माणसे मोजताना एकाचाही फरक म्हणजे काहीतरी कळलेले नाही.

जुन्या शीटमधल्या चुका सापडतीलच. त्यातल्या काही कमी मोजल्याच्या असतील. त्या नव्या फॉरमॅटच्या पहिल्या रिपोर्टमध्ये गुपचूप दुरुस्त करू नका. आकडा एकदम उडी मारतो आणि एक्स्चेंज विचारतेच. मागच्या महिन्यांचे दुरुस्ती-रिपोर्ट वेगळे पाठवा आणि सोबत पत्र द्या. जास्त मोजल्याचे असेल तर घाई करा, कारण मागचे पैसे परत मागायला करारांत मुदत असते आणि ती सहसा छोटी असते. वसुलीला मात्र ते वर्षानुवर्षे मागे जाऊ शकतात. न्याय म्हणा किंवा न म्हणा, करार त्यांनी लिहिलेला आहे.

दुरुस्ती पूर्ण बदली म्हणून घेतात की फक्त फरक म्हणून, हे प्रत्येकाला आधी विचारा. फरक म्हणून वाचणाऱ्याला पूर्ण फाइल पाठवली तर ४३ चे ८६ होतात. प्रत्येक फाइलला स्वतःचा आयडी आणि आवृत्ती क्रमांक द्या, आणि पाठवलेली फाइल आहे तशी साठवा. पुन्हा काढता येते म्हणून टाकून देऊ नका.

सहाही एकदम बदलू नका. ज्यांच्याकडे चाचणी अपलोडची सोय आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त बिलाचे एक्स्चेंज शेवटी.

तळमजला_टिकर

फारच उपयोग झाला. आज नमुना म्हणून एका क्लायंटचा मागचा महिना नव्या टेबलातून काढून पाहिला. ५२ आला, जुन्या शीटमध्ये ५०. दोघे जण त्याच्याही आधीच्या महिन्याच्या ३१ तारखेच्या रात्री बंद केले आहेत, लॉगमध्ये वेळ १९:१० आहे. मग ते पुढच्या महिन्यात कसे आले?

आकडेमोड

लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे का बघा. १९:१० यूटीसी म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२:४०, म्हणजे १ तारीख. आपली मध्यरात्र यूटीसीत १८:३० ला होते. 'एक दिवस जरी चालू' हा नियम असेल तर ते दोघे पुढच्या महिन्यात आख्खे मोजले जातात.

साठवण यूटीसीतच ठेवा, पण महिन्याची कड अ‍ॅडाप्टरमध्ये त्या एक्स्चेंजच्या नियमाप्रमाणे काढा. न्यूयॉर्कसाठी ही कड उन्हाळ्यात यूटीसीच्या ४ तास आणि हिवाळ्यात ५ तास नंतर येते, म्हणून स्थिर तास वजा न करता टाइमझोनचे नाव वापरा. आणि क्लायंटला सांगा की महिनाअखेरीची काढाकाढी ३१ च्या रात्री न करता ३० ला दुपारीच उरकून घ्या.

तळमजला_टिकर

यूटीसीच निघाले. ते दोघे एनएसईवरचे आहेत, करार काढून बघतो आणि मगच ५२ की ५० ते ठरवतो.